वटवाघळाचं अक्षर

सस्तन प्राण्यांची प्रथिनं एकाखाली एक लावून बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. उंदीर, गाय, देवमासा, माणूस. आमचं प्रथिन मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या चुलीत शिरतं आणि तिथली जनुकं कधी वाचायची ते ठरवतं. कोट्यवधी वर्षांत त्यातलं कुठलं अक्षर, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला कुठला दुवा, बदललं, एवढंच मी शोधते. त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

मग धाकट्या बहिणीच्या लेकीला, आमच्या चिमणीला, त्याच प्रथिनात एक बदललेलं अक्षर निघालं, आईकडून आणि बापाकडूनही आलेलं. पोरगी वर्षाची होत आली तरी मान धरेना. डॉक्टर म्हणाले, या बदलाने आजार होतो की नाही, ठाऊक नाही. स्नायूचा तुकडा काढून तपासू. धाकटी माझ्याकडे आली.

"ताई, तुझं तर हेच काम. बघ ना गं."

बघितलं. उंदरात नाही, गायीत नाही, देवमाशात नाही. एका वटवाघळात मात्र हुबेहूब चिमणीचं अक्षर! आणि तो प्राणी धडधाकट, मस्त उडतोय. मी जागेवरूनच फोन लावला. "अगं, निसर्गात चालतंय हे! काही होत नाही तिला." धाकटी रडली, हसली आणि तिने ती तपासणीच रद्द केली. मी म्हटलं, बरं केलंस.

आज जेवताना प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या आमच्या खडूसाला हे कौतुकाने सांगितलं. घास तोंडाशी धरून तो म्हणाला, "आणि जोडीदार बघितलास?"

ताट सारून संगणकावर बघितलं. जोडीदार म्हणजे हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाला जिथे धरतं ती जागा, आणि वटवाघळात तीही बदललेली होती. कुलूप बदललं, म्हणून बदललेली किल्ली चालली. चिमणीचं कुलूप माणसाचंच. किल्ली तेवढी वटवाघळाची. म्हणजे आजाराचं मूळ तेच, जवळजवळ नक्कीच. मेलं हे मी पोरांना पहिल्या तासाला शिकवते! घरचं माणूस समोर आल्यावर कुठे गेली होती माझी अक्कल?

तशीच उठून धाकटीकडे गेले. पाळण्यावर काळ्या कागदाचं वटवाघूळ टांगलेलं.

"आलीस? बघ, माझ्या वटवाघळाने आज मान धरली!"

चिमणी मावशीकडे बघून हसली. तिच्या मानेमागे धाकटीचा तळहात होता.

"ऐक ना," मी म्हणाले, "माझं चुकलं गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. हात तसाच ठेवला.

"बघ तरी," ती म्हणाली, "कशी धरलीय."