मृत काळातलं पुडिंग

टेनली स्लोनला संघाबाहेर बसवलं ते केळ्याच्या पुडिंगने. गुडघा मोडला नव्हता, गणितात दांडी उडाली नव्हती, कुणाच्या झिंज्या उपटल्या नव्हत्या. पुडिंग! आणि त्यातला एक चमचासुद्धा तिच्या वाट्याला आला नव्हता. मावसभावांनी भांडं चाटूनपुसून लख्ख केलं होतं.

झालं असं की मागच्या फेब्रुवारीत टेनलीची आजी गेली. सगळी दरी तिला मॅमॉ, म्हणजे आजीच, म्हणायची, सख्ख्या नातवंडांइतक्याच हक्काने. पूर्व केंटकीच्या त्या डोंगरांत माणूस गेलं की फुलांच्या आधी दारात भांडी येतात. घेवड्याचं पातेलं, मक्याचा पाव, बटाट्याचं सॅलड. कुणाला सांगावं लागत नाही, कुणी विचारत नाही. लॉरेल फोर्क कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच वर्ना स्टिडम शेजारच्याच काउंटीतली. लहानपणी ती मॅमॉकडे रविवारच्या शाळेत बायबल शिकलेली. तीही आली. पुडिंगचं काचेचं भांडं टेनलीच्या आईच्या हातात दिलं, शवपेटीपाशी मान खाली घालून उभी राहिली, आणि गेली. बास्केटबॉलचा 'ब' काढला नाही.

पण त्या आठवड्यात कॉलेजच्या कुठल्याही कोचने शाळकरी खेळाडूला प्रत्यक्ष भेटायला बंदी होती. टेनली तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला, आणि तिला आपल्या संघात घ्यायला तीन कॉलेजं हात धुऊन मागे लागलेली. नियमांच्या पुस्तकात अशा बंदीच्या दिवसांना नावच आहे: मृत काळ. आता बोला!

तरीही कुणाला कळलं नसतं. पण रविवारी चर्चमध्ये पाद्री, ब्रदर कॉम्ब्स, यांनी मॅमॉसाठी प्रार्थना केली आणि रिवाजाप्रमाणे कुणी काय आणलं त्याचे नावानिशी आभार मानले. "आणि आपल्या वर्नाचं पुडिंग! देव तिचे हात असेच गोड ठेवो!" त्यांची प्रार्थना दर रविवारी गावच्या रेडिओवर लागते. दुसऱ्या एका कॉलेजच्या संघाचा कुणी चाहता गाडी चालवत ऐकत होता. त्याने आठ महिने ते पुडिंग मनात जपून ठेवलं, आणि टेनली लॉरेल फोर्कमध्ये दाखल होऊन हंगाम तोंडावर आला, तेव्हा कॉलेजांच्या क्रीडा संघटनेकडे तक्रार ठोकली.

कॉलेजात नियम सांभाळायला एक डनवे नावाचे साहेब होते. भला माणूस, पण सतत पोटात दुखत असल्यासारखा चेहरा. त्यांनी टेनलीला आणि कोचला समोर बसवलं आणि एक कागद सरकवला.

"सोपं आहे, टेनली. सही करायची, पुडिंगची किंमत एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायची, की शनिवारी तू मैदानात. कोचना दोन सामन्यांची बंदी. प्रकरण खलास."

टेनलीने वाचलं. 'भरतीच्या काळात मला अनुचित लाभ मिळाला, हे मी मान्य करते.'

"लाभ म्हणजे?"

"म्हणजे पुडिंग."

"साहेब, माझी आजी मेली होती."

"माहीत आहे गं मला..."

"मग मृत काळात मयताला जायचं नाही तर कधी जायचं? बारशाला?"

कोच स्टिडमने खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. मग बाहेर व्हरांड्यात मात्र तिने टेनलीचा दंड धरला. "हे बघ, सही कर. दोन सामने मी घरी बसून बघीन, मला काही होत नाही. तू पहिल्या वर्षाची आहेस. आत्ता सुरुवातीच्या पाच जणींत आलीस तर आलीस. महिनाभर बाहेर बसलीस तर तुझी जागा दुसरी कुणी घेईल, आणि मी ती परत देणार नाही. मॅमॉची नात असलीस तरी नाही."

"ते मला ठाऊक आहे, कोच."

"मग?"

"मग काही नाही. विचार करते."

विचार कसला करायचा होता! टेनलीला ती जागा हवीच होती. दहा वर्षं कोठारामागच्या बास्केटच्या कड्यात चेंडू टाकटाकून तिने ती कमावली होती. रात्री तिने आईला फोन लावला.

"कर सही, पोरी," आई म्हणाली. "एका शब्दाने काय होतंय?"

"वाचून दाखवू तो शब्द?" टेनलीने वाचला: 'अनुचित लाभ'.

आईने तो एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग आई म्हणाली, "म्हणजे वर्नाने माझ्या आईच्या मयताला लाच आणली, आणि मी ती दारात उभी राहून घेतली. असंच ना?"

"तसंच."

"मग तू तुझं ठरव. मी आता काही बोलणार नाही. बोलले तर रविवारी ब्रदर कॉम्ब्सपाशी माफी मागावी लागेल असं बोलेन."

टेनलीची खोलीतली जोडीदारीण इमानी पलंगावर पालथी पडून सगळं ऐकत होती. लुइव्हिल शहरातली पोर, संघातली सगळ्यात चपळ, आणि जिभेने त्याहून चपळ. "गंमत बघ," ती म्हणाली. "मी त्या गाड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत दात दाखवले, तर वर्षभर फिरवायला गाडी. कायदेशीर! तुझ्या घरी केळी आली, तर गुन्हा. तू मयताला जाहिरात करायला हवी होतीस, बाई. 'शोकात आहात? खा आमचं पुडिंग!'"

"नियमच बदलायला पाहिजे," टेनली एकदम म्हणाली.

"हो, आणि मला पंख फुटायला पाहिजेत."

पण टेनली उठून बसली होती. हट्टाला पेटली की तिच्या कानांच्या पाळ्या लाल होतात. इमानीने त्या बघितल्या आणि उशी तोंडावर ओढून घेतली. "झालं! आता झोप नाही."

सही करायची नसेल तर सुनावणी मागता येते, हे टेनलीने शोधून काढलं. सुनावणीत नियम दुरुस्त करायची सूचनाही मांडता येते, हे डनवे साहेबांनी सांगितलं, आणि सांगताक्षणी त्यांना पश्चात्ताप झाला. "अगं, पण कुणी मांडत नाही!"

"मग माझा नंबर लवकर लागेल."

सुनावणी लेक्सिंग्टनच्या एका हॉटेलच्या थंडगार खोलीत झाली. लांब टेबलापलीकडे संघटनेच्या समितीचे तिघं. मधोमध अध्यक्ष प्रूइट, पांढऱ्या मिशांचे निवृत्त न्यायाधीश. डावीकडे ऑस्टरमन बाई, खेळाडूसारखे रुंद खांदे आणि केसांचा घट्ट अंबाडा. उजवीकडचे गृहस्थ शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नुसती पेपरमिंटची गोळी चघळत होते. टेनलीने मॅमॉच्या अंत्यविधीचाच काळा ड्रेस घातला होता, कारण तिच्याकडे तेवढा एकच चांगला होता. सहा हजार लोकांसमोर एकटीने उभं राहून फ्री थ्रो मारणं परवडलं असतं.

"मिस स्लोन," प्रूइट म्हणाले, "कोच आल्या होत्या हे तुम्ही नाकारत नाही?"

"नाही, सर."

"पुडिंग आणलं होतं, हेही नाही?"

"नाही, सर. वर बिस्किटं होती."

ऑस्टरमन बाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

"मग वाद कशाचा?"

"शब्दाचा, सर. कागदावर 'लाभ' लिहिलंय. लाभ आपल्याला हवा असतो. ते पुडिंग आम्हाला नको होतं. आम्हाला मॅमॉ हवी होती." तिने घोटभर पाणी प्यायलं आणि पुन्हा सुरुवात केली. "दुखवट्याचं खाणं लाभात धरू नका. आणि दुखवट्याला येणं भरतीची भेट धरू नका. एवढंच नियमात घाला."

प्रूइटांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं दुःख खरं आहे, मिस स्लोन. पण हे नियम का केले सांगू? मी स्वतः बघितलंय. सतरा वर्षांच्या पोरांच्या घरी लोक काय काय घेऊन यायचे! आज तुम्ही दुखवट्याला दार उघडा. उद्या एखादा श्रीमंत माणूस कुणाच्या तरी मयताला येईल, शवपेटीजवळ गाडीची किल्ली ठेवील आणि म्हणेल, हा माझा दुखवटा. मग मी काय करायचं?"

टेनलीने इमानीसमोर दहादा तालीम केली होती, पण हा प्रश्न त्यात नव्हता. आणि वाईट म्हणजे तो बरोबर होता. तसले लोक असतात. तिला स्वतःला एकदोन भेटलेही होते. तिने खाली, स्वतःच्या हातांकडे बघितलं, आणि त्या हातांनी विसळलेली भांडी तिला आठवली. सिंक भरून भांडी.

"भांडं परत जातं, सर," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"आमच्याकडे दुखवट्याचं भांडं परत जातं. तळाला चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव असतं. खाणं संपलं की घासायचं आणि घरोघर नेऊन द्यायचं. मी आणि आई पिकअप घेऊन दिवसभर फिरत होतो." आता तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "घरातल्यांनी खाऊन संपतं आणि भांडं परत जातं, तो दुखवटा. जे संपत नाही आणि परतही जात नाही, ती लाच. तुमचा तो गाडीवाला दुसऱ्या आठवड्यात गाडी परत न्यायला येणार असेल, तर खुशाल आणू दे!"

ऑस्टरमन बाई खळखळून हसल्या. "माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडे नऊ बटाट्याची सॅलडं आली होती, जज. एकही खाण्यालायक नव्हतं. पण भांडी सगळी परत केली."

प्रूइट हसले नाहीत. त्यांनी पुढे वाकून विचारलं, "कोच स्टिडमचं भांडं कसं परत गेलं?"

मागे बसलेल्या डनवे साहेबांनी डोळे मिटून घेतले. टेनलीला उत्तर येत होतं. खोटंही येत होतं. कुरियर म्हटलं असतं तर संपलं असतं.

"मीच नेऊन दिलं, सर. त्यांच्या घरी. तेव्हाही मृत काळच होता." तिने दोन बोटं वर केली. "म्हणजे गुन्हे दोन झाले. लिहून घ्या. पण घाण भांडं बंदी उठेपर्यंत ठेवून घेतलं असतं ना, तर मॅमॉ पेटीतून उठून आली असती."

पेपरमिंटवाल्या गृहस्थांची गोळी कडकन फुटली.

तिघं आतल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा प्रूइटांच्या हातात खरडलेला कागद होता. "'मृत्यूनंतर दुखवट्यात आणलेलं, शिजवलेलं, त्या घरी खाऊन संपणारं अन्न लाभ मानू नये, मात्र भांडं...'"

"शिजवलेलं काढा, सर," टेनली म्हणाली. "लोक विकतची तळलेली कोंबडी पण आणतात. त्यांनाही दुःख असतंच."

प्रूइटांनी शब्द खोडला. मग चष्मा काढला. "जानेवारीत सगळ्या कॉलेजांच्या मतदानाला हे जाईल. माझं मत मी आजच सांगतो: मंजूर व्हावं. पण तोपर्यंत जुना नियमच चालणार. तुम्ही आज सही केलीत तर शनिवारी खेळाल. नाहीतर मतदानापर्यंत बाहेर. आणि मतदानाचं कुणी सांगावं."

तोच कागद. तोच शब्द. टेनलीने मागे बसलेल्या कोच स्टिडमकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम.

"जानेवारीपर्यंत थांबते, सर."

परतीच्या वाटेवर गाडीत कोच म्हणाली, "खेचरासारखी हट्टी आहेस तू."

"हो, कोच."

"जागा मी धरून ठेवणार नाही. आधीच सांगितलंय."

"धरू नका. मी घेईन."

सामने खेळता येत नव्हते तरी सराव करता येत होता. गुरुवारी कोचने तिच्या अंगावर पिवळी बंडी फेकली. पिवळी बंडी म्हणजे सरावात पुढच्या सामन्यातला शत्रू व्हायचं: त्यांच्या चाली शिकायच्या, त्यांच्यासारखं धावायचं आणि आपल्याच मैत्रिणींना छळायचं. ज्यांना खेळवायचं नसतं त्यांचं काम.

टेनलीने बंडी चढवली आणि इमानीवर चालून गेली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, तिसऱ्यांदा थेट डोक्यावरून.

"अगं ए, शनिवारची ती पोर इतकी चांगली नाहीये!" इमानी धापा टाकत ओरडली.

"मग शनिवारी तुला सोपं जाईल."

"तुला पुडिंग चारून मारायला पाहिजे!"

"आण की. पण भांड्यावर नाव घाल."

कोचने शिट्टी फुंकली. तिची नजर टेनलीवर होती आणि चेहऱ्यावर माया नावालाही नव्हती. "पुन्हा. पहिल्यापासून. पिवळ्यांकडे चेंडू."

टेनलीने तळहात बंडीला पुसले आणि चेंडू मागितला.