डोक्यावरचा पिवळा सोबती

मी एक जुने पाणबुड्याचे हेल्मेट आहे. माझा पिवळा रंग आता जागोजागी उडाला आहे आणि पुढच्या काचेवर चरे पडले आहेत. मित्रांनो, मेक्सिकोच्या आखातात, कार्मेन बेटाच्या उत्तरेला तेलाचे मनोरे उभे आहेत. त्यांचे पाण्याखालचे पाय तपासायला आणि जोडायला माणसे माझ्यात डोके घालून उतरत. वर उभ्या असलेल्या बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या कामाच्या नौकेवरून, एका लांब नळीतून मला हवा मिळे. तिच्यासोबतच्या तारेतून बोलणे वर-खाली जाई.

मला सर्वांत जास्त वापरले ते फाउस्तिनो काउइचने. काम संपले की तो मला गोड्या पाण्याने धुई, आतले अस्तर उन्हात वाळवी. इतर पाणबुडे त्याला चिडवत, बायकोचेसुद्धा इतके लाड करत नसशील म्हणत.

एके सकाळी वारा फिरला आणि नांगरावरचा बार्जही वळला. जनरेटरचा धूर नेमका माझ्यासाठी हवा ओढणाऱ्या पाइपाकडे जाऊ लागला. खाली फाउस्तिनोचे डोके ठणकू लागले.

"हवेला डिझेलचा वास येतोय," तो तारेवर म्हणाला.

"कालची बिअर उतरली नाही वाटतं तुझी," वरून त्यांचा मुकादम निकानोर म्हणाला. सगळे हसले. फाउस्तिनोही हसला. कसेबसे काम उरकून तो वर आला, कठड्यावरून ओकला आणि सावलीत पडून राहिला. दुपारी वारा बदलला, त्याला बरे वाटले. ती गोष्ट तिथेच विरली.

पुढच्या आठवड्यात मी अबुंदिओच्या डोक्यावर होतो. अबुंदिओ म्हणजे फाउस्तिनोच्या बहिणीचा, रेमेदिओसचा नवरा. वर नळी धरून स्वतः फाउस्तिनो उभा होता. वारा पुन्हा तसाच होता.

"फाउस्तिनो, डोकं जड झालंय रे," अबुंदिओ म्हणाला. मग तो काहीतरी पुटपुटला. त्याचा श्वास माझ्या काचेवर आधी भराभर उमटला, मग हळूहळू, मग उमटायचा थांबला.

फाउस्तिनो दुसरे हेल्मेट चढवून, सिलिंडरमधल्या हवेवर खाली आला. त्याने आम्हाला वर आणले. पण अबुंदिओ गेला होता.

चौकशीला आलेल्या साहेबांना वाटले, पाणबुडा थकलेला असावा. तसेच ठरून प्रकरण मिटत होते. तेव्हा फाउस्तिनो उभा राहिला.

"तो थकला नव्हता. गेल्या आठवड्यात मलाही हेच झालं होतं. आम्ही चेष्टेवारी नेलं."

सगळे निकानोरकडे पाहू लागले. तोही उठला. मग म्हणाला, "खरं आहे. चेष्टा मी केली होती."

त्यानंतर तो पाइप उंच, धुरापासून दूर नेला गेला. विषारी हवा आली की वाजणारे यंत्र बसवले गेले. पाणबुड्याने वास किंवा डोकेदुखी म्हटले की काम थांबवून त्याला वर घ्यायचे, असे ठरले. निकानोर मात्र पुन्हा समुद्रावर दिसला नाही.

फाउस्तिनोने सारे बहिणीलाही सांगितले. ती म्हणाली, "दादा, हे तू आधीच्या आठवड्यात का नाही बोललास?"

आता मी बंदराजवळच्या प्रशिक्षण शाळेत असतो. फाउस्तिनो तिथे शिकवतो. पहिल्या दिवशी तो मला टेबलावर ठेवतो आणि अबुंदिओची हकिगत सांगतो. स्वतःचे हसणेही वगळत नाही. एकदा रेमेदिओस मागच्या बाकावर बसून ते ऐकत होती. वर्ग सुटल्यावर ती पुढे आली, तिने माझ्या काचेवर तळहात टेकवला आणि निघून गेली.

मित्रांनो, वस्तू धुवा, पुसा, जपा. पण त्याआधी माणसाचे बोलणे जपा. थोडक्यात निभावले म्हणून गप्प बसू नका. अबुंदिओचा शेवटचा श्वास मला सर्वांआधी कळला होता. मला ओरडता येत नव्हते. तुम्हाला येते.