आत चिकटवलेला एकच कागद

पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून फोन आला. बाबांनी निवृत्त होताना पंपांची सगळी माहिती एका फाईलमध्ये घालून दिली होती, आणि तिच्यातली कागदपत्रं उघडत नव्हती. "ताई, तुम्ही कॉम्प्युटरचंच काम करता ना? जरा बघा," तिथला कारकून म्हणाला.

मी फाईल मागवून घेतली. पानोपानी छोटी चिन्हं आणि खाली खास बाबांची नावं: 'पंप तीन, कुरकुरतो'. कशावरही क्लिक केलं की एकच उत्तर, मूळ फाईल सापडत नाही.

कारण लगेच कळलं. कागद आत नव्हतेच, नुसता ते कुठे ठेवलेत त्याचा पत्ता होता. तोही आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा, ज्यावर बाबा रविवारीसुद्धा पंपांची कागदपत्रं घेऊन बसायचे. बाबा गेल्यावर तो मीच भंगारात दिला.

पत्ता द्यायला शिकवलं तेही मीच. बाबा सगळं आतच चिकटवायचे, फाईल हत्तीएवढी व्हायची आणि मी डाफरायचे. शेवटी ते पत्ता द्यायला लागले.

स्वतःवरच चरफडत मी शेवटच्या पानावर आले. तिथलं चिन्ह मात्र उघडलं. एवढं एक बाबांनी माझं न ऐकता आत चिकटवलं होतं.

माझीच चिठ्ठी होती, कधीतरी त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवलेली. "बाबा, दहाव्यांदा सांगतेय, आत चिकटवू नका, फक्त पत्ता द्या. माझं डोकं खाऊ नका."

खाली बाबांनी टाइप केलं होतं, "हे मात्र हरवता कामा नये."