विहिरीतला लोखंडी पाइप आणि तीन ठोके

मी एक जुना लोखंडी पाइप आहे. मित्रांनो, सध्या मी मूल गावात रामाजींच्या घरामागच्या बाडीत पडून आहे आणि माझ्यावर वालाचा वेल चढवलेला आहे. वेलाबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या एका टोकाला तीन पोचे आहेत आणि ते कसे पडले हे कोणीच विचारत नाही. म्हणून आज मीच सांगतो.

सूरजागडच्या डोंगरात लोखंडच लोखंड आहे म्हणतात. माझे लोखंड कुठले, मला ठाऊक नाही. मला फक्त कारखान्याची भट्टी आठवते आणि मग छोट्या लाइनच्या आगगाडीतला लांबचा प्रवास. छप्पन साली रामाजींनी मला विकत आणले, सोबत एक तेलावर चालणारे इंजिनही आणले. लटारू मिस्त्रीने माझा पाय विहिरीच्या तळापर्यंत सोडला आणि डोके घरावरच्या टाकीला जोडले. टाकीतून एक फाटा स्वयंपाकघरातल्या तोटीकडे गेला. सकाळी इंजिन लागले की टाकी भरायची, आणि संध्याकाळी लागले की घरात चार दिवेही पेटायचे. इंजिन रुसले तर असावेत म्हणून कंदील खुंटीला तयार ठेवलेले असत. लोक मुद्दाम तोटी बघायला येत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

माझ्या येण्याने एका बाईचे काम मात्र गेले. तिचे नाव धुरपता. वीस वर्षे तिने या घरी पाणी भरले होते. डोक्यावर घागर घेऊन ती मागच्या दाराशी आली की हातातले चांदीचे कडे घागरीवर वाजवी. आधी दोन ठोके, जरा थांबून एक. मग रामाजींची बायको सुगंधाबाई दार उघडी. मी आल्यावर विहिरीचे चाक काढले आणि तोंडावर फळ्या टाकल्या. घरातले कोणी विहिरीकडे फिरकेनासे झाले. धुरपता तेवढी रोज येई, एक फळी सरकवून साती आसरांसाठी, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांसाठी, दोन फुले पाण्यावर टाकी, खाली वाकून बघे आणि निघून जाई. सांगायला लाज वाटते, पण मी तिला हसत असे.

पौष महिना होता. सकाळचे पाणी चढवून इंजिन बंद झाले होते. धुरपता आली, वाकली आणि पावसाने कुजलेली फळी मोडली. ती थेट खाली आली. मला घट्ट धरून ती कपारीवर उभी राहिली, छातीपर्यंत थंडगार पाण्यात. तिने खूप हाका मारल्या, पण शेजारी धानाची गिरणी धडधडत होती. शेवटी ती कड्याने माझ्या अंगावर ठोके देऊ लागली. टण टण, टण.

ते ठोके माझ्या अंगातून वर गेले आणि स्वयंपाकघरातली तोटी वाजू लागली.

सुगंधाबाईच्या हातातली पळी खाली पडली. शेजारच्या इंदुताई धावत आल्या, कान देऊन ऐकले आणि हळूच म्हणाल्या, "आसरा कोपल्या, बाई. तुमी विहिरीचं तोंड झाकलं नं. आता दिवस बुडेपर्यंत कोनी विहिरीत पाहू नका. जो पाह्यला त्याले त्या घेऊन जातात."

आणि कोणी पाहिले नाही. तोटीला कुंकू लावले, लिंबू बांधले, समोर नारळ ठेवला. तोटीला हात जोडलेली माणसे मी वरच्या टोकाने ओळखत होतो आणि खालच्या टोकाला धुरपताची बोटे गारठून सुटत चाललेली कळत होती. मी ओरडलो असतो, मित्रांनो. पाइपाला ओरडता येत नाही.

दुपारी ठोके थांबले. जरा वेळाने पुन्हा सुरू झाले.

दिवस मावळताना रामाजी पोंभुर्ण्याहून परतले. सगळे ऐकून हसले. "नळात हवा भरली असंन. इंजिन लावतो, निंघून जाईल," म्हणत ते हँडल फिरवायला वाकले. इंजिन लागले असते तर त्याच्या आवाजापुढे कोणालाच काही ऐकू आले नसते.

तेवढ्यात सुगंधाबाईने भीत भीत तोटीवर हात ठेवला. दोन ठोके, जरा थांबून एक.

"थांबा," ती म्हणाली. "हा धुरपताचा ठोका व्हय. ते दाराशी उभी आये अन् आपन दार उघडून नाई राह्यलो."

खुंटीवरचा कंदील घेऊन ती आसरांची भीती विसरून विहिरीकडे पळाली. दोर सोडले, लटारू खाली उतरला आणि त्याने धुरपताला वर काढले. ती माझ्याभोवती लुगड्याचा पदर बांधून लोंबकळत होती. शुद्ध नव्हती, पण श्वास चालू होता.

तिसऱ्या दिवशी ती बोलू लागली. सुगंधाबाई तिच्या उशाशी बसून म्हणाली, "तू सांजेपर्यंत वाजवत राह्यली म्हनून वाचली, बाई."

धुरपताने आपला रिकामा हात पुढे केला. "मी कुठी वाजवलं, बाई? दुपारीच माझ्या हातातलं कडं निसटलं. पाण्यात गेलं ते."

सुगंधाबाईने वळून स्वयंपाकघरातल्या तोटीकडे पाहिले. मला मात्र ठाऊक होते. दुपारनंतरचे ठोके धुरपताच्या हातापासून आलेच नव्हते. ते तिच्याही खालून आले होते, जिथे माझा पाय काळोख्या पाण्यात होता.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात मी गंजलो म्हणून लटारूने मला काढले आणि माझ्या जागी जस्त चढवलेला जाड पाइप बसवला. कडे माझ्या पायाशीच सापडले. तळाच्या टोकावरचे तीन पोचेही त्याने पाहिले. त्यांच्यावरून बोट फिरवले, मला बाडीत आणून टाकले आणि त्या दिवशी पुन्हा विहिरीत उतरला नाही.

मित्रांनो, घरात नवे पाइप घाला, इंजिने आणा, दिवे लावा. पण ज्या पाण्यावर घर चालते, त्यात रोज एकदा वाकून बघत जा. आणि ज्याचे काम तुमच्या सोयीपायी गेले, तो आज आला की नाही, एवढे तरी विचारत जा.

धुरपता अजून रोज सकाळी येते. कडे पुन्हा तिच्या हातात आहे. फुले टाकते आणि काठावर ठोके देते, दोन आणि एक. मग बराच वेळ कान देऊन उभी राहते. खालून काय येते ते मला बाडीतून आता ऐकू येत नाही. पण जाताना ती रोज विहिरीला हात जोडते.