हात खाली!

फोटोवाल्याचा एकच नियम होता, आणि तो चौघांच्या मैत्रीइतकाच जुना होता. फोटो काढताना कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही. "हात खाली!" असा तो खेकसला की बाकीचे तिघे कवायतीला उभं राहिल्यासारखे ताठ व्हायचे. वीस वर्षांत त्यांनी डोंगर पाहिले, समुद्र पाहिले. पण फोटो बघणाऱ्याला वाटावं, पोलिसांनी तिघांना आत्ताच कुठूनतरी पकडून आणलंय.

"पासपोर्ट साइजचे फोटो काढून काढून याचं डोकंही त्याच साइजचं झालंय," असं दाढ म्हणायचा. दाढ म्हणजे दातांचा डॉक्टर. गाडी चालवायचा क्लच. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, त्यामुळे दुसरं कोणी चालवत असलं की तो नसलेला ब्रेक दाबत बसायचा. चौथी वकीलबाई. तिला सगळे हरकत म्हणत, कारण चहाला चल म्हटलं तरी ती आधी हरकत घ्यायची.

नियमामागचं कारण फोटोवाल्याने कधी सांगितलं नव्हतं. चौकात त्याचं दुकान. एक स्टूल, एक पांढरा पडदा, त्याच्या नखांत कायमची काळी शाई भरणारा प्रिंटर, आणि कोणी पळवू नये म्हणून भिंतीला दोरीने बांधलेला कंगवा. पण पासपोर्टवाल्यांखेरीज तिथे आणखी एक गिऱ्हाईक यायचं. घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी डोळे पुसत मोबाइल पुढे करायचं, "यातले एवढे बाबा मोठे करून द्या." फोटो कुठल्यातरी सहलीतला. बाबा झकास हसतायत आणि खांद्यावर भलत्याचाच हात. तो हात पुसायचं काम फोटोवाल्याचं. एकेक बोट घालवायचं, खाली शर्टाच्या रेघा भरायच्या. चौकड्यांचा शर्ट असला तर बाबांचा राग यायचा.

आता गुरुवारी त्याच्याच छातीचं ऑपरेशन होतं. हे त्याच्या बायकोला माहीत होतं, या तिघांना नाही. भीती वाटत होतीच, पण धंद्याची खोड जाते कुठे? त्याने मोबाइलमधले चार हजार फोटो चाळले. त्यांत तो स्वतः एकाही फोटोत नव्हता. होता तो फक्त लायसनवरचा एक, त्यात तो स्वतःच्याच खुनातला आरोपी दिसत होता. बायको तोच मोठा करायला देणार, आणि तेही मागच्या गल्लीतल्या त्या गाढवाकडे, जो मेलेल्या माणसालाही लिपस्टिक लावल्यासारखं करून देतो. या विचाराने त्याची झोप उडाली होती.

म्हणून शनिवारी घाटातल्या वळणावर गाडी थांबली तेव्हा तो शक्य तितक्या सहज म्हणाला, "आज माझा एक काढा रे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. क्लचने काढला, त्यात निम्मा अंगठा आला. दाढने सवयीने "आ कर" म्हटलं आणि फोटोवाल्याने सवयीने केला.

"अरे, नीट काढा! मागे नुसतं आकाश. छातीपर्यंत. शेजारी कोणी नको."

"हरकत," वकीलबाई म्हणाली. "सहलीला येऊन एकट्याचा? छातीपर्यंत? हा फोटो लावायचाय कुठे?"

वकिलापुढे खोटं बोलायला तो कच्चाच होता. आधी पुसलेल्या हातांचं निघालं, मग गुरुवारचं.

क्लचने उभ्या उभ्याच उजव्या पायाने ब्रेक दाबला.

"हलकटा," दाढ म्हणाला, "तुझी हिरडी सुजली तर रविवारी दवाखाना उघडायला लावतोस, आणि छाती कापणार ते आम्हाला पेपरात वाचायचं होतं का?"

हरकत पहिल्यांदाच हरकत घ्यायची विसरली. ते बघून फोटोवाल्याला रडू आलं. त्याने ते घाटातल्या धुळीवर ढकललं.

मग हरकतने त्याचा मोबाइल हिसकावला, बॉनेटवर वायपरला टेकवला आणि टायमर लावला. दहा सेकंद. चौघे कठड्याकडे धावले. तिघे त्याला चिकटायला लागले तसा तो ओरडला, "हात खाली!"

एकानेही ऐकलं नाही.

फोटो निघाला तो असा. क्लचने त्याचा गळा आवळलेला, दाढचे दोन्ही पंजे बरोबर छातीवर, हरकतने एका हाताने टकलावर थाप मारून दुसऱ्याने कान पिळलेला. फोटोवाल्याचे डोळे मिटलेले आणि तोंड सताड उघडं.

"पुस आता," हरकत म्हणाली.

त्याने फोटो मोठा करून जाणकारासारखा बघितला. "महिना लागेल. आणि पुसून झाल्यावर खाली माणूस उरणार नाही."

"मग भिंतीला हा चालायचा नाही. चांगला हवा असेल तर गुरुवारनंतर परत यावं लागेल. तोवर माझी हरकत कायम."

फोटोवाला अजून हात मोजत होता. क्लचचे दोन, दाढचे दोन, हरकतचे दोन. पण क्लचच्या आणि दाढच्या खांद्यावर आणखी दोन होते, घट्ट, शर्ट चुरगळेपर्यंत धरलेले. हे कोणाचे, ते त्याला कळेना. मग त्याने आणखी मोठं करून पाहिलं, तर अंगठ्याच्या नखात प्रिंटरची काळी शाई दिसली.