मागच्या दाराचा पाहुणा

आमच्या राज्याच्या पोटातून नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांना मिसूरीच म्हणतात, पण तेवढ्यावर जाऊ नका. पलीकडची माणसं सपाट काळ्या जमिनीवरची, जर्मन वळणाची, घड्याळ बघून जेवणारी आणि बेताचं बोलणारी. आम्ही अलीकडे, दक्षिणेला, ओझार्कच्या डोंगरात. आमचे पणजे टेनेसीहून खेचरांवर संसार लादून आले, आणि येताना बोलण्यातली ऐट आणि भांडणाची हौस तेवढी विसरले नाहीत. माझ्या धाकट्या भावाने, लॉन्झोने, नदीपलीकडची बायको केली तेव्हा आमचा बाप म्हणाला, "एकाच राज्यातली आहे, मग परकी कशी?"

अल्मा वाईट नव्हती, हे मी नणंद असून सांगते. कामाला वाघीण. पण वर्ष झालं तरी सासऱ्याला ती 'मिस्टर टॅकेट' म्हणायची, आणि बोलायची इतकं हळू की तिला ताप आलाय की नुसतं मीठ हवंय, ते कळायचं नाही. आमच्याकडे पायाला ठेच लागली तरी माणूस अख्ख्या डोंगराला ऐकवतो. ही बया जळता तवा हातात धरून 'थोडं गरम आहे' म्हणायची. मी हसायचे. हसण्यासारखंच वाटायचं तेव्हा.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत आमच्या घरामागे काहीतरी लागलं होतं. आमची डुकरं रानात मोकळी चरतात, कानाला ज्याची त्याची खूण असते, आणि ओक झाडांची फळं खाऊन ती थंडीपर्यंत माजतात. डोंगरापलीकडच्या हॅलब्रुकांनी रानाला काटेरी तार घातली, बापाने ती तोडली, आणि त्यानंतर आमची डुकरं झऱ्याकाठी मरून पडायला लागली. मग एका सकाळी दोन्ही कुत्रे अंगणात ताठ झालेले सापडले, तोंडाला फेस. कुणीतरी रात्री मांसात विष घालून टाकलं होतं. कुत्रे भुंकायचे नाहीत म्हटल्यावर घर एकदम मुकं झालं. बाप दोननळी बंदूक घेऊन मक्याच्या कोठारात बसायला लागला, दिवस कललेला असो की उजाडलेला. तिथून घराची मागची बाजू सगळी दिसते. तो जेवायलाही आत येईना. ताट मीच नेऊन द्यायचे, आणि जाताना वाटेतच स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचे.

कारण आमच्याकडे रीत आहे. कुणाच्याही घरी जायचं तर फाटकाशी थांबायचं, घराला हाक मारायची, आपलं नाव सांगायचं, आणि आतून 'या' असं आलं की मगच पाय पुढे टाकायचा. हाक न मारता जो अंगणात शिरतो तो एक तर चोर, नाहीतर वैरी. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

अल्माचे दिवस भरत आले होते. तिचा बाप एमिल केसलर लग्नाला आला नव्हता, रागाने. आता नातवंडाची चाहूल लागली तसा तो निवळला आणि येतो म्हणून निरोप आला. दुपारच्या गाडीने येणार होता. लॉन्झो ट्रक घेऊन स्टेशनवर जाणार, आणि अल्मा त्या अवस्थेतही त्याच्याबरोबर जाणार म्हणून हटून बसली होती. निघण्याआधी ती कोठारापाशी गेली. मी तिथेच मक्याची कणसं सोलत होते.

"मिस्टर टॅकेट," ती म्हणाली, "आमच्याकडे घरची माणसं मागच्या दाराने येतात. हाक मारत नाहीत. पुढचं दार पाद्र्यासाठी आणि शवपेटीसाठी. मला थोडी काळजी वाटते, म्हणून सांगून ठेवलं."

बाप हसला. "पोरी, तो तुझ्याबरोबर ट्रकमधून येणार ना? मग कसली काळजी? आणि एवढा भला माणूस, हाक मारल्याशिवाय कशाला येईल?"

ती 'बरं' म्हणून गेली. 'थोडी काळजी' म्हणजे तिच्या मुलखात घर पेटलं, असं समजायचं असतं. आम्हाला ते कुठून कळणार. आणि बापाच्या डोक्यात तर ते शिरण्यासारखंच नव्हतं. जगात हाक न मारणारा भला माणूस असतो यावर त्याचा विश्वासच नव्हता.

एमिल केसलर दुपारच्या गाडीने आलाच नाही. तो सकाळच्या गाडीने आला. आपल्यासाठी कुणी गाडी काढून स्टेशनवर ताटकळू नये, म्हणून. पशुखाद्याच्या ट्रकने त्याला ओढ्यापर्यंत सोडलं आणि तिथून तो रस्त्याने न येता धूर दिसला तिकडे शेतातून चालत सुटला. त्याच्या खांद्यावर भलंमोठं बोचकं होतं. हंसाच्या पिसांची दुलई, बाळासाठी, जुन्या पोत्यात बांधलेली.

मी स्वयंपाकघरात होते. आभाळ उतरलेलं, आत दिवा लावावा की नको असा उजेड. खिडकीतून मला एक उंच म्हातारा दिसला. तो मागच्या पायरीशी थांबून खाली बघत बुटांचा चिखल पुसत होता. स्वच्छ, सावकाश, आधी एक बूट, मग दुसरा. तेवढं बघूनच मला कळलं की हा कोण. मी दाराकडे धावले, आणि बंदूक उडाली.

दार उघडलं तर पिसंच पिसं. तो पायरीवर बसला होता, पोतं पोटाशी धरून. बाप कोठारातून बंदूक रोखून पुढे येत होता आणि ओरडत होता, पोत्यात काय आहे, कुणी पाठवलं तुला. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि आपलं नाव सांगितलं. बापाचं तोंड असं झालं की तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि पाहायचंही नाही.

आम्ही त्याला आत आणून खुर्चीत बसवलं. बहुतेक छर्रे दुलईने खाल्ले होते. बरगडीखाली चार-पाच बारीक भोकं होती, आणि रक्त म्हणाल तर कोंबडी कापताना जास्त सांडतं. बाप त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला.

"डॉक्टर आणू का?" त्याने विचारलं.

"नको, नको," एमिल केसलर म्हणाला. "एवढ्याशासाठी कशाला त्रास. बसतो जरा."

मी तोवर खेचराचा लगाम खुंटीवरून काढला होता. डॉक्टर लांब होता, पण संध्याकाळपर्यंत आणता आला असता. मी तसं म्हटलं. बाप उठला आणि म्हणाला, लगाम ठेव जागेवर, माणूस नको म्हणतोय, आपल्या घरात बसवून त्याला खोटारडा ठरवतेस का? आमच्याकडे पुरुषाचा शब्द म्हणजे शब्द. त्याला तेच पुन्हा विचारणं म्हणजे तू भेकड आहेस असं तोंडावर सांगणं. हे सगळं खरं होतं. आणि डॉक्टर आला की मागोमाग बेड्या घेऊन शेरीफ येतो, हेही खरं होतं, पण ते बाप बोलला नाही. मी लगाम आपटला तो खुंटीवर नाही, जमिनीवर. पण गेले नाही.

मग आम्ही तिघं बसून राहिलो. मी त्याला कॉफी दिली, ती त्याने फक्त हातात धरली. बापाने तारेची गोष्ट सांगितली, कुत्र्यांची सांगितली. म्हातारा मान डोलवत ऐकत होता आणि अधूनमधून 'वाईट झालं' म्हणत होता. तुमची जमीन बरी आहे, म्हणाला. टोपी गुडघ्यावर ठेवून इतका ताठ बसला होता की जणू चर्चमध्ये आहे. घाम तेवढा कपाळावरून गळत होता, आणि थंडीचे दिवस होते.

दुपारच्या गाडीत तो नाही म्हणून स्टेशनवर वाट बघून ट्रक परतला तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. अल्मा दारातच थांबली. तिने आपल्या बापाच्या तोंडाकडे पाहिलं, भरलेल्या कपाकडे पाहिलं, आणि सगळं एका नजरेत ओळखलं. आमचा बाप घाईघाईने सांगायला लागला, मी विचारलं होतं, तोच नको म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोट सावरत ती आपल्या बापासमोर जमिनीवर बसली.

"डॉक्टरला बोलावू, पप्पा?"

"नको गं. बरा आहे मी."

"लॉन्झोला ट्रक काढायला सांगते. वेळ नाही लागणार."

"कशाला, त्याला थकवा आला असेल."

"पप्पा. डॉक्टरला बोलावू?"

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. तो ठेवताना त्याचा हात टेबल शोधत होता. "कुणी तिकडे जातच असेल," तो म्हणाला, "तर ये म्हणावं."

लॉन्झोने त्याला लेकरासारखं उचललं. त्याच्या खाली खुर्चीची गादी भिजून काळी झाली होती. रक्त बाहेर नव्हतं सांडलं, ते सगळं आत आणि खाली गेलं होतं. ओढ्याच्या उतारापर्यंत ट्रक पोचला तेव्हा तो गेलेला होता. पलीकडच्यांचं पहिलं 'नको' नुसती रीत असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारायला किती वेळ लागतो? दोन घोट कॉफी प्यायला लागतो तेवढा. माझ्या जिवाची नुसती आग होते.

दफन झाल्यावर शेरीफ प्रुएट आला. तो आमच्या आईकडून लांबचा भाऊ लागतो, आणि फाटकाशी उभा राहून त्याने रीतसर हाक मारली. आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो. बापाची बंदूक दारामागे टेकलेली होती. बापाने झालेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, हाक न मारता आलेल्याला गोळी घालायचा हक्क माझ्या आजालाही होता. शेरीफ मान डोलवत होता. कोर्टात आमच्या डोंगरातली कुठलीही पंचमंडळी अशीच मान डोलवून त्याला सोडणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग तो अल्माकडे वळला.

"पोरी, मेला तो तुझा बाप. तुझी फिर्याद असेल तर मी ह्याला आजच घेऊन जातो. आहे का?"

लॉन्झो बुटांकडे बघत होता. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला बायको. अल्मा भिंतीकडे बघत होती.

"नको," ती म्हणाली. "उगाच सगळ्यांना त्रास कशाला."

शेरीफने सुटकेचा श्वास सोडला आणि टोपी घालून तो उठला. बाप खुर्चीत सैल झाला. त्याने माझ्याकडे बघून खूण केली, पाहुण्याला कॉफी दे. मी जागची हलले नाही. अल्माची बोटं टेबलाची कड धरून पांढरी पडली होती.

"तिला परत विचारा," मी म्हटलं.

"काय?"

"परत विचारा. आणि नको म्हणाली, तर आणखी एकदा."

बापाने मान वळवली. महिनाभर तो डोंगरापलीकडे ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "डोवी," तो हळूच म्हणाला, "ह्या घरात तुला राहायचंय ना?"

शेरीफने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग टोपी काढली आणि पुन्हा खाली बसला.

"अल्मा," तो म्हणाला, "तुझी फिर्याद आहे का?"