पाणी शेजारी आलं होतं

पूररेषेचा नकाशा नव्याने करायचा म्हणून साहेबांनी मला नदीकाठच्या गल्लीत पिटाळलं. घरोघरी एकच प्रश्न विचारायचा होता: गेल्या पुरात पाणी कुठवर चढलं?

पहिल्या घरातले काका म्हणाले, "आमच्याकडे? छे! शेजारी शिरलं होतं." नकाशात घर निळं झालं की त्याला गिऱ्हाईक मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. शेजारच्या शिंप्यानेही पुढच्या घराकडे बोट दाखवलं. त्याच्या भिंतीला कमरेपर्यंतच ताजा रंग होता, वर जुनाच. पण मी पडलो नोकर माणूस. सांगतील ते लिहीत गेलो.

अशी अकरा घरं झाली. बारावं, शेवटचं, माझ्या सख्ख्या बहिणीचं. मी हुश्श करत तिच्या पलंगावर बसलो, तर पाय लोंबकळायला लागले. पलंगाच्या प्रत्येक खुराखाली चार-चार विटा होत्या.

"ताई, निदान तू तरी खरं सांग."

"अरे, आमच्याकडे कुठलं पाणी? शेजारी आलं होतं," ताई बिनदिक्कत म्हणाली.

आता बोला! तिच्या शेजारी फक्त नदी आहे.

मी नकाशात तेवढीच निळी रंगवली.